पन्नास मीटर अलीकडे

आधी एक चूक दुरुस्त करते.

दिनांक ५ ऑक्टोबर २०२५ रोजी मी जे मृत्युपत्र केले, त्याच्या दुसऱ्या पानावर माझ्या वडिलांच्या सेना पदकाविषयी लिहिताना त्यांच्या रेडिओ ऑपरेटरबद्दल मी असे लिहिले होते : "नाईक गणराज भोईटे हे १९९९ च्या युद्धात शत्रूच्या तोफगोळ्याने शहीद झाले." हे वाक्य खोटे आहे. ते आपल्याच तोफेच्या गोळ्याने गेले, आणि तो गोळा तिथे पडेल असा आकडा माझ्या वडिलांनी सांगितला होता. लहानपणापासून घरात जे ऐकले ते मी न तपासता उतरवले. कारखान्यात मी दुसऱ्याच्या मापावर बुशसारखा साधा सुटा भागसुद्धा पास करत नाही. इथे मी एका माणसाचे मरण पास केले. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्याची एक प्रत मी फाडली आहे. दुसरी आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. तीही फाडावी.

मी, रश्मी धम्मरत्न ओव्हाळ, वय २७, चाकण येथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मापन विभागात नोकरीस, कायम राहणार पिंपरी, सध्या मुक्काम भोसरी, हे माझे शेवटचे मृत्युपत्र लिहिते. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात या जागी "स्वखुशीने, पूर्ण विचारांती, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता" असे शब्द आहेत. ते मी मुद्दाम घेतलेले नाहीत. कारण कलम ४ मध्ये आहे. त्यांच्या जागी एवढेच लिहिते की आज रविवार आहे, मी सकाळी पोहे खाल्ले आहेत, मला ताप नाही, कोणतेही औषध चालू नाही, खोलीत मी एकटी आहे आणि पुढचे वाक्य काय असावे हे मला कोणीही सांगितलेले नाही.

मृत्युपत्राचे निमित्त : माझे वडील मेजर (निवृत्त) धम्मरत्न किसन ओव्हाळ, वय ५३, यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. चौदा महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे आणि आता ते त्यांना सोसवत नाही. आईला मधुमेह आहे. भावाचा रक्तगट जुळत नाही. माझे सगळे जुळते. पण पप्पा माझी किडनी घ्यायला तयार नाहीत. म्हणून या कागदाची दोन कामे आहेत. शस्त्रक्रियेत मी गेले तर माझ्या वस्तूंचे काय करायचे ते कळावे, हे एक. दुसरे म्हणजे, मी जिवंत असतानाच पप्पांनी हा वाचावा. मृत्युपत्र असे आधी वाचायला देत नाहीत हे मला माहीत आहे.

कलम १. माझी बँकेतील बचत आणि भविष्य निर्वाह निधी माझी आई सौ. शालन यांना मिळावा. आजी भिमाबाईंनी मला दिलेली बोरमाळही तिलाच.

माझी दुचाकी माझा भाऊ बुद्धरत्न ऊर्फ सोनू, ताथवडे येथे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, याला द्यावी. हेल्मेटसह. तो मला एकदा म्हणाला होता, "ताई, तू मेलीस ना, तरी माझ्यासाठी हेल्मेटची चिठ्ठी ठेवून जाशील." ही ती चिठ्ठी.

माझ्या स्वतःच्या पैशांनी घेतलेला मायक्रोमीटर आणि व्हर्नियर आमच्या विभागातील वर्षालीला द्यावा. ती एकदाच मोजते आणि छातीठोकपणे सांगते. तिने दोनदा मोजावे अशी विनंती आहे, अट नाही.

माझ्या टेबलाच्या खणात सैन्यभरतीचा एक भरलेला अर्ज आहे. २०२३ मध्ये तोफखान्यात महिला अधिकारी घ्यायला सुरुवात झाली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. मी बारावीत असताना पप्पा म्हणाले होते, "तोफखान्यात मुली घेत नाहीत, तू मेकॅनिकल कर." मी मेकॅनिकल केले. नियम बदलल्यावर अर्ज भरला, पण त्यांना दाखवला नाही आणि पाठवलाही नाही. त्यांचे जुने उत्तर मीच स्वतःला परत देत बसले. आता वय गेले आहे. तो अर्ज कोणी न वाचता जाळावा. याचा दोष मी पप्पांना देत नाही. त्यांना मी विचारलेच नव्हते.

कलम २. हे कलम मालमत्तेचे नाही. पण खोटी हकिकत मी लिहिली, तशी खरीही मीच लिहिली पाहिजे. यातील मजकूर मला ऑक्टोबरमध्ये पप्पांनी सांगितला. त्यानंतर मी त्या लढाईतून वाचलेले सुभेदार (निवृत्त) अर्जुनराव यांना फोन करून तो वेगळा तपासून घेतला आहे.

जून १९९९. पप्पा तेव्हा कॅप्टन होते, वय सत्तावीस, म्हणजे आज माझे आहे तेवढेच. ते तोफखान्याचे निरीक्षण अधिकारी म्हणून पायदळाच्या एका कंपनीबरोबर कारगिलकडच्या एका कड्यावर चढले होते. या अधिकाऱ्याजवळ तोफ नसते. तोफा मागे, दरीत, कित्येक किलोमीटरवर असतात. तो शत्रू कुठे आहे ते पाहतो आणि आकडा सांगतो. ऑपरेटर तो आकडा मोठ्याने परत बोलतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही, आणि रेडिओवरून तोफांना देतो. मग गोळा येतो. पप्पांचे ऑपरेटर गणराजकाका होते, मूळचे बीडकडचे.

दुपारी दोनच्या सुमारास शत्रूने उलट हल्ला केला. कंपनीचे प्रमुख पहिल्या दहा मिनिटांत गेले. उरलेल्या एकोणीस जणांत अधिकारी एकच, आणि तोही दुसऱ्या दलातून आलेला पाहुणा. पप्पांनी ताबा घेतला. मशीनगन उचलून डाव्या अंगाला नेली. प्रत्येकाजवळच्या गोळ्या विचारून सारख्या वाटल्या. मी सांगेपर्यंत कोणी गोळी झाडायची नाही, असे बजावले. खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसलेला असताना दोनदा उघड्यावर रांगत जाऊन दोन जखमींना ओढून आणले. अर्जुनराव फोनवर म्हणाले, "साहेब आमच्या पलटणीचे नव्हते, बाई. पण त्या दिवशी तसं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ते पुढं रांगत जायचे आन आम्ही आपोआप मागं. पोरं रडत होती, तर हे म्हणाले, रडा, पण डोळे पुसत राहा, नेम चुकतो."

रेडिओ कड्याच्या बाहेरच्या एका खडकावरूनच लागत होता. त्यामुळे गणराजकाका सेट घेऊन तिथे, पंचवीस पावले पुढे, आणि पप्पा आत माणसांजवळ. पप्पा आकडा ओरडून सांगत, काका परत बोलत आणि पुढे देत. साडेचारच्या सुमारास शत्रू काकांच्या खडकाच्या खालच्या टप्प्यावर पोचला. पप्पा ओरडले, "गणराज, पन्नास मीटर अलीकडे." त्या आकड्यात काकांचा खडक येत होता. दोघांनाही ते कळत होते. काकांनी मान वळवून पाहिले, "पन्नास मीटर अलीकडे" असे परत बोलले आणि आकडा तोफांना दिला. गोळा यायला पाऊण मिनिट लागले. तेवढ्यात पप्पांनी त्यांना आत बोलावले. ते सेट सोडून आले नाहीत.

हल्ला मोडला. चौदा जण जिवंत खाली उतरले. पप्पांना पदक मिळाले. काकांच्या घरी निरोप पप्पांनीच सांगितला, आणि शत्रूच्या गोळ्याने गेले असे सांगितले.

मला हे सांगून झाल्यावर पप्पा म्हणाले, "तो हो म्हणाला, की नुसता आकडा परत बोलला? सव्वीस वर्षं झाली, मला कळलेलं नाही. परत बोलायचा नियम होता. नियमात माणूस कुठं दिसतो?"

कलम ३. वरील गोष्टीचा माझ्याशी काय संबंध, ते सांगते.

२००४ मध्ये पप्पा सैन्यातून बाहेर पडले. दोन वर्षे त्यांना मनासारखे काम मिळाले नाही. मला दम्याचा त्रास होता, म्हणून पहिली-दुसरी मी घरीच शिकले, पिंपरीतल्या आजोबांच्या दोन खोल्यांत. शिक्षक पप्पा. गच्चीवर उभे करून ते विचारत, ती पाण्याची टाकी किती लांब? मी सांगे. ते बरोबर आकडा सांगत आणि म्हणत, "परत बोल." मी परत बोले. पाढे, कविता, बाजारातून काय आणायचे, कोणाशी कसे वागायचे, सगळे परत बोलूनच. चुकले नाही की ते मान हलवत. ती मान हलण्यासाठी मी काहीही परत बोलले असते. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आरं धम्मा, लेक हाय ती तुजी, शिपाई न्हाई!" पप्पा हसत. मीही हसे.

आजीचे म्हणणे आम्हा दोघांनाही तेव्हा विनोद वाटले, याचे मला वाईट वाटते.

कलम ४. ही दुसरी दुरुस्ती. आधीच्या मृत्युपत्रात मी असेही लिहिले होते की, "रुग्णालयाच्या समितीसमोर मी माझ्या शब्दांत संमती दिली." शब्द माझे नव्हते.

किडनी देणाऱ्यावर घरच्यांचे दडपण नाही ना, हे पाहायला समिती मुलाखत घेते. २४ सप्टेंबरला रिक्षातून जाताना आई म्हणाली, "गोंधळू नकोस. असं सांग : मी स्वखुशीने, पूर्ण विचारांती, माझ्या वडिलांना किडनी देत आहे, त्यांनी मला जन्म दिला, माझं हे कर्तव्य आहे." पप्पा पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले होते. तासाभराने डॉक्टरांनी मला विचारले आणि मी ते वाक्य जसेच्या तसे म्हटले. आई जिथे थांबली होती तिथे थांबलेसुद्धा. डॉक्टरांचे समाधान झाले. पप्पांनी माझ्याकडे पाहिले नाही.

शस्त्रक्रिया १४ ऑक्टोबरला ठरली होती. ११ तारखेला पप्पांनी रुग्णालयात स्वतः फोन करून ती रद्द केली. घरात मोठे भांडण झाले.

आई म्हणाली, "पोरगी देतीय तर तुमचा कसला ताठा? मला विधवा करायचंय का?"

"ताठा नाही, शालन. तिनं तुझं वाक्य म्हटलं."

"मग कुणाचं म्हणणार? आईचंच म्हणणार ना!"

सोनू म्हणाला, "पप्पा, ताई घाबरली होती म्हणून पाठ केलं. मी व्हायव्हात तेच करतो."

"तू नापास होतोस," पप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून : "तू लहानपणापासून मी म्हणेन ते परत बोलतेस. मीच तुला तसं केलं. तुझा होकार खरा किती, मला कळत नाही. एकाच्या बाबतीत कळलं नाही, ते पुरे झालं."

त्या दिवशी त्यांनी आम्हाला गणराजकाकांची खरी हकिकत सांगितली. आईवर माझा राग होता. तो मी इथे नोंदवते आणि सोडून देते. ती घाबरली होती, आणि तिने मला दिले ते तिच्याजवळचे सगळ्यात चांगले वाक्य होते.

कलम ५. आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर पप्पांचे सेना पदक श्रीमती कौशल्याबाई गणराज भोईटे, राहणार चाकण, यांना द्यावे. हे कलम रद्द. पदक माझे नाही, आणि कौशल्याबाईंना मी विचारलेले नव्हते.

२६ ऑक्टोबरला पप्पा आणि मी त्यांच्याकडे गेलो. दर दिवाळीनंतर पप्पा जातातच. कांदा बाजाराजवळ त्यांच्या चार खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, तरी त्या स्वतः अजून बाजारात कांदा निवडायला जातात. बसून अंग जड होते म्हणतात. त्यांनी चहा ठेवला. पप्पांनी चहा व्हायच्या आतच सांगितले, उभ्यानेच. सगळे, आकड्यासकट.

त्यांनी गॅस बंद केला.

"सव्वीस वर्सं चहा पिऊन गेलात माझ्या घरी," त्या म्हणाल्या. "सव्वीस दिवाळ्या. आन आज सांगताय?"

"हो."

"का? मरायला टेकलात म्हणून?"

पप्पा म्हणाले, "हो. आणि विचारायचंही होतं. तुम्ही त्याला ओळखत होता. तो नुसता परत बोलला असेल की..."

"मला इचारू नका." त्यांचा आवाज चढला नाही, पण पप्पा दोन पावले मागे सरले. "मी व्हते का तिथं? तुमी व्हते. तुमाला नाई कळलं, मला हितं बसून कसं कळल? हे ओझं माझ्या पदरात टाकू नका, साहेब. माझ्या पदरात माझं हाय."

मग मी, न विचारता, म्हणाले की काकांमुळेच पप्पा माझी किडनी घेत नाहीत. मला वाटले त्यांना बरे वाटेल. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट वाक्य असावे.

त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुला बापाला द्यायचं आसल तर दे. नसल द्यायचं तर नको देऊ. पण माझ्या माणसाचं नाव मधी आणू नको. त्यो तुमच्या घरच्या भांडणासाठी नाई मेला."

चहा आम्ही घेतला नाही. म्हणून कौशल्याबाईंना मी या मृत्युपत्राने काहीही ठेवत नाही. कलम २ ची प्रत त्यांच्या मुलीच्या पत्त्यावर पाठवावी, म्हणजे नातवंडांना खरे काय ते वाचता येईल. माजी सैनिकांच्या स्मरणिकेत माझा जो लेख छापून आला, त्यातही हेच खोटे वाक्य आहे. संपादकांना मी दुरुस्तीचे पत्र दिले आहे. ते छापले गेले नाही तर सोनूने पाठपुरावा करावा. त्याला परत बोलायला लावू नये, पण वहीत लिहून घ्यायला सांगावे.

कलम ६. चाकणहून येताना पप्पा बसमध्ये खिडकीशी बसून होते. मोशी गेल्यावर म्हणाले, "पंधरा दिवस घराबाहेर राहा. आईला फोन नाही, मला नाही. काय वाटतं ते लिहून दे. नको असं लिहिलंस तरी मी तुझा बापच राहीन."

"पंधरा दिवस घराबाहेर," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले.

१ नोव्हेंबरला मी भोसरीत माझी सहकारी प्राजक्ता हिच्या भाड्याच्या खोलीत आले. खरे लिहायचे ठरवले आहे, म्हणून लिहिते : चौथ्या दिवशी मला फार हलके वाटले. कंपनीच्या बसमधून उतरले, भाजी घेतली, आणि लक्षात आले की दिवसभर मला डायलिसिसची आठवण झाली नव्हती. खोलीत येऊन मी प्राजक्ताला म्हणाले, "मला नाही द्यायची किडनी."

ती भेंडी चिरत होती. "मग नको देऊ."

"एवढंच?"

"अजून काय? तुझी आहे ना?"

"पप्पा मरतील."

"मरतील. आणि तू दिलीस तरी कधीतरी मरतीलच. मला काय विचारतेस, रश्मी? मी तुझी कोण, समिती?"

असे मला यापूर्वी कोणी बोलले नव्हते. दोन दिवस मी नाही देणार असे धरूनच वागले. जेवले, कामावर गेले, झोपले. त्या दोन दिवसांत मला भीती नीट पाहता आली. मला भूल देण्याची भीती वाटते. टाक्यांची वाटते. एका किडनीवर पुढे काय होईल याची वाटते. लग्नाच्या वेळी हे कोणाला कसे सांगायचे याचीही वाटते. हे मी घरात एकदाही बोलले नव्हते, कारण घरात कोणी ते आधी बोलले नव्हते.

मग मी कागदावर लिहून पाहिले की पप्पा गेले तर मला कशाचे वाईट वाटेल. कर्तव्य चुकले याचे वाटेल असे मी धरले होते. ते यादीत आलेच नाही. आले ते असे की मी त्यांच्याशी एकदाही भांडलेले नाही. कौशल्याबाईंना सव्वीस वर्षे फसवले म्हणून मला पप्पांना चार शब्द ऐकवायचे आहेत. माझे मेकॅनिकल, माझा न पाठवलेला अर्ज, दोन्हींवर बोलायचे आहे. तुम्ही शूर होता आणि तरी हे केलेत, असे तोंडावर म्हणायचे आहे. आजारी माणसाला हे म्हणता येत नाही. त्यासाठी ते बरे व्हायला हवेत, आणि मला काही वर्षे हवीत.

कलम ७. म्हणून पप्पा, हे तुमच्यासाठी. मी देणार आहे. यात गणराजकाका नाहीत, आई नाही, जन्माचे ऋण नाही. मला भीती वाटते आणि मी देणार आहे. तुम्ही हे वाचून "परत बोल" म्हणू नका. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेईपर्यंत मी कधीही नको म्हटले तर ते नकोच समजावे, मला कारण विचारू नये. आणि तुम्ही "नाही" म्हणालात, तर ते "नाही" तुमचे असेल. पण माझ्या होकाराचा संशय हे कारण तुम्हाला आता देता येणार नाही. दुसरे शोधा.

रुग्णालयात आतापर्यंत सगळे फोन आईने केले होते. परवा शुक्रवारी तिथल्या समन्वयक बाईंना मी फोन केला आणि तारीख मागून घेतली. त्या म्हणाल्या, "पेशंटची सही लागेल." मी म्हणाले, "ती त्यांची त्यांनी करायची."

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी आई करील.

साक्षीदार म्हणून प्राजक्ता आणि आमचे घरमालक आबाजी यांना बोलावले. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे प्राजक्ताला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग तुझी ती निळी छत्री आत्ताच दे." दिली. आबाजी भोसरी गावातले जुने रहिवासी, वय अठ्ठ्याहत्तर. ते म्हणाले, "आगं, एवढी पानं? आमी सातबारा सोडून आयुष्यात काय लिवलं न्हाई. वाचून दाखव, मग सही करतो." साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "आसंल. पर मी न वाचता सही केली तर माजी सही काय कामाची?" मग मी सगळे वाचून दाखवले. कलम पाचनंतर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढे वाच म्हणाले.

माझी सही दोघांसमोर मी केली. त्या दोघांनी माझ्यासमोर केली.

सही : रश्मी धम्मरत्न ओव्हाळ

साक्षीदार १ : प्राजक्ता (सहकारी), भोसरी
साक्षीदार २ : आबाजी (घरमालक), भोसरी

ठिकाण : भोसरी. लिहिल्याची तारीख : रविवार, १६ नोव्हेंबर २०२५.

मी रुग्णालयात दाखल होणार तो दिवस : मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५, सकाळी सात वाजता.